विहीणबाईंनी तपासलेली गाडी

माझ्या धाकट्या भावाचं लग्न दोन तास उशिरा लागलं. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, त्यामुळे दोष ग्रहांवर ढकलायची सोय नव्हती. तो माझ्यावर आला आणि अजून माझ्याकडेच आहे.

गोष्ट नव्वद सालानंतरची, बारामतीतली. मी तिथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. दहावीचा विजेचा धडा माझ्याइतका चांगला सबंध तालुक्यात कोणी शिकवत नाही, असं एक मत होतं. (माझं.) त्याच सुमारास एका डॉक्टरांची जुनी गाडी मी विकत घेतली. वयानं माझ्याहून थोडीच लहान, पण चालू होती. मिलिंदचं लग्न इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या मुलीशी ठरलं, तेव्हा मी घरात जाहीर केलं, "नवरदेव आपल्या गाडीतून जाणार."

"यष्टी हाय की," आबा म्हणाले. आबा म्हणजे आमचे वडील. जन्मभर कंडक्टरकी केलेली. ज्या वाहनात तिकीट फाडत नाहीत त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

गाडीचा रंग पार उडाला होता. लग्नाच्या आधीच्या रविवारी मी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि गाडी अंगणातच रंगवून काढली. बाहेरून सगळी झाली तरी डबा संपेना. रंग वाया कशाला घालवायचा, म्हणून बॉनेट उघडून आतही हात फिरवला. गंज दिसला, लाव रंग. नट दिसला, लाव रंग. मागचे दिवे खोलून, त्यांच्याखाली रंग देऊन पुन्हा बसवले.

"आता इंजिनाला पावडर लावा," माझी बायको सुनंदा म्हणाली.

सोमवारपासून गाडीचं डोकं फिरलं. हॉर्न वाजवला की पेट्रोलचा काटा उडी मारायचा. ब्रेक दाबला की वळायचे दोन्ही दिवे मंद पेटायचे. म्हणजे मागच्याला वाटावं, हा माणूस एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे निघालाय. चावी फिरवली की इंजिनातून नुसता 'कट्' असा आवाज यायचा, आणि पुढं काही नाही.

"रंगवायच्या आधी असं होत नव्हतं," सुनंदा म्हणाली.

"रंगाचा आणि विजेचा काय संबंध?" हे वाक्य मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून उच्चारलं.

मी बॅटरी बदलली. फरक पडला नाही. डायनामो पुसला, फ्यूज बदलले, एक वायर काढून दुसरी घातली. एकेक शक्यता वगळत जायची, ही शास्त्रीय पद्धत. मी वगळत गेलो. शनिवारपर्यंत सगळं वगळून झालं आणि गाडी तशीच होती.

लग्नाच्या दिवशी शेजाऱ्यांनी धक्का मारला आणि गाडी सुरू झाली. वऱ्हाड टेम्पोनं पुढं गेलं होतं. गाडीत मी, सुनंदा, आबा आणि पांढऱ्या सफारीतला मिलिंद. लग्न बाराचं. बौद्धाचार्यांनी आधीच बजावलं होतं, "अडीचच्या पुढं मी थांबत न्हाय. चारला इंदापुरात दुसरं लगीन हाय." म्हणजे आम्हाला भरपूर वेळ होता.

वाटेत लासुर्ण्यात उसाची ट्रॉली आडवी आली. मी वेग कमी केला आणि इंजिन बंद पडलं. ट्रॉलीवरच्या चौघांनी धक्का मारला. सुरू झालं, शंभर पावलं गेलं, पुन्हा बंद. मी कोट काढला, बॉनेट उघडलं. रस्त्याच्या कडेला रुमाल पसरून त्यावर सगळे फ्यूज ओळीनं मांडले. बघता बघता गर्दी जमली.

"पेट्रोल हाय का?" एकानं विचारलं.

"आहे."

"काटा तर टाकी रिकामी दावतोय."

"काट्यावर जाऊ नका."

मग मी एक काडी घेऊन मातीत परिपथाची आकृती काढली आणि लोकांना समजावून सांगू लागलो. लोक मन लावून ऐकत होते. (माझ्या वर्गापेक्षा शांतता होती.) आबा मात्र घड्याळ बघत होते.

"आरं, परीक्षा न्हाय, लगीन हाय," ते म्हणाले आणि त्यांनी जाणारी एक मोटरसायकल हात करून थांबवली. तिला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या, मागं एकाच माणसाची जागा. "मिलिंद, बस तू. निदान नवरा तरी वेळंवर पोचंल."

"नवरदेव किटल्यांच्या मधे बसून जाणार? दहा मिनिटांत चालू करतो," मी म्हणालो.

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. तो माझ्याच वर्गात शिकलेला. माझ्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय होती. तो थांबला. आबा किटल्यांच्या मधे बसले आणि मागं न बघता निघून गेले.

कळंबच्या मांडवात जाऊन त्यांनी काय सांगितलं, ते मला नंतर कळलं: "नवरा चांगला हाय. थोरल्यानं गाडी उकललीया."

दहा मिनिटांचा तास झाला. गर्दी पांगली, कारण आकृती संपली होती. सफारीच्या खांद्यांवर धूळ बसलेला मिलिंद जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, खरं सांग. जमंल का?"

"जमेल," मी म्हणालो. न सुटणारं गणित फळ्यावर असलं की मी याच आवाजात बोलायचो. त्याला तो आवाज ओळखीचा होता. तो सुनंदाशेजारी दगडावर जाऊन बसला. गाडी माझी, हट्ट माझा, आणि लग्न त्याचं.

एकच्या सुमाराला कळंबच्या बाजूनं एक ट्रॅक्टर आला. चाकावरच्या पत्र्यावर कोऱ्या साडीत, हातात कापडी पिशवी धरून मुलीची आई बसलेली. शांताबाई. नवरा गेल्यापासून गावातली पिठाची गिरणी त्या एकट्या चालवायच्या, एवढं मला ठाऊक होतं. गिरणीची मोटार बिघडली तर ती कोण दुरुस्त करतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"काय झालंय, गुरुजी?"

"मावशी, तुम्ही कशाला आलात? परिपथ खंडित झालाय."

"म्हंजी वायर तुटलीय?"

"तसं नक्की नाही सांगता येणार."

त्यांनी पिशवीतून ट्रॅक्टरचा एक जुना दिवा काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या. पदर खोचून त्या बॉनेटवर वाकल्या. दोन्ही वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. दिवा लख्ख पेटला. मग एक वायर तिथंच ठेवून दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. दिवा कसाबसा मिणमिणला.

"ब्याटरी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "गाडीला रंग कुणी दिलाय?"

"मी."

"ब्याटरीची ही वायर बॉडीला जितं लागती, तितं बी?"

"तिथंही."

"वायर काढून?"

"काढून. म्हणजे रंग सगळीकडं सारखा बसतो."

"मग वीज परत येणार कुठनं, गुरुजी? रंगातनं येती व्हय?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. एवढा संयम तिनं त्याआधी कधी दाखवला नव्हता, नंतरही नाही.

शांताबाईंनी पान्यानं नट काढला, पॉलिश पेपरनं खालचा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडला, वायर पुन्हा लावून आवळली. पाच मिनिटांचं काम. फ्यूज बसवायला मात्र वीस मिनिटं लागली, कारण रस्त्यात पसारा नको म्हणून सुनंदानं रुमाल गोळा करून गाठ मारून ठेवला होता आणि कुठला फ्यूज कुठला हे आता कोणालाच सांगता येईना. तेही शांताबाईंनीच लावले. चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मिलिंद त्यांच्या पाया पडायला वाकला.

"आधी लगीन लागू द्या," त्या मागं सरकत म्हणाल्या. "कपडं झाडा. आन् गुरुजी, मागल्या दिव्यांखालचा रंग बी काढा, पर आज नगं."

आम्ही दोनला पोचलो. बौद्धाचार्य पिशवी काखेला लावूनच उभे होते. नवरीनं मिलिंदकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे दोनदा. लग्न लागलं, आणि चांगलं लागलं. मी मागच्या रांगेत, हाताचं काळं लपवत उभा होतो.

लग्नानंतर भाषणं झाली. सूत्रसंचालक मुलीचे चुलते होते. ते माइकवरून म्हणाले, "नवरदेवाचे थोरले बंधू बारामतीला विज्ञानाचे शिक्षक हायेत. त्यांनी शिक्षणाचं महत्त्व यावर दोन शब्द सांगावेत, अशी शांताबाईंची विनंती हाय."

मी गेलो. शिक्षण घेतलंच पाहिजे, असं ठासून सांगितलं. कुणाकडून घ्यावं, त्याबद्दल काही बोललो नाही. त्याचं उत्तर कोऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसलं होतं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होतं.