चार्ज दिल्याशिवाय जायचं नसतं

हात मिळवायला कुणी हात पुढं केला की तो उलटा करून आधी नाडी बघणाऱ्या आमदार साऱ्या महाराष्ट्रात एकच होऊन गेल्या असतील, आणि त्या माझ्या घराच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. खरं म्हणजे थोडा मिरवायलाच सांगते, पण तेवढं चालवून घ्या, माझ्याकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नाही. लातूरहून उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्या नांदेडहून बदलीवर आल्या, तेव्हा सोबत एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि तुळशीचं एक रोप एवढाच पसारा होता. "सहाच महिन्यांची गोष्ट आहे, अक्का," म्हणाल्या. ते सहा महिने पंचवीस वर्षं चालले. सारा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा, मीही सिस्टरच म्हणायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर त्या शांतपणे सांगायच्या, "सुट्टी मिळाली नाही."

त्या आमदार कशा झाल्या, तेही मोठं गमतीचं आहे. पक्षातले दोन मोठे पुढारी, तिकिटाला एकाचं नाव निघालं की दुसरा ताटावरून उठायचा. तेव्हा दोघांनाही नाही म्हणता येणार नाही असं तिसरं नाव शोधायला लागले. एकाच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं सिस्टरांच्या हातची, आणि दुसऱ्याच्या आईच्या पायाचं ड्रेसिंग करायला सिस्टर रोज घरी जायच्या. दोघंही माझ्या अंगणात बाजेवर येऊन बसले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्युटी किती वाजेपर्यंत?"

"सिस्टर, पाच वर्षं हाय ती."

"बरं. आणि चार्ज कुणाकडून घ्यायचा?"

दवाखान्यात असं असतं म्हणे, की एक सिस्टर घरी निघाली की पाळीवर आलेल्या सिस्टरला खाटेखाटेशी नेऊन सांगते: याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचं राहिलंय. ते सांगून झाल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही, मग घरी पाहुणे येवोत की पूर येवो. निवडून आल्यावर सिस्टर आधीच्या आमदारांना शोधत पुण्यापर्यंत गेल्या. ते गृहस्थ म्हणाले, "कसला चार्ज? गाडी तर माझी स्वतःची होती." सिस्टर परत आल्या त्या डोक्याला हात लावूनच. "अक्का, एवढा मोठा वार्ड आणि मागच्या पाळीची एक ओळ लिहिलेली नाही हो." मग पहिले सहा महिने त्यांनी वार्डात पेशंट कोण कोण आहेत हे हुडकण्यातच घालवले.

त्यासाठी त्यांनी एक लांबोडकं रजिस्टर केलं. प्रत्येक गावाला एक नंबर. साधी गोष्ट निळ्या शाईनं, गंभीर असंल ते लाल शाईनं. पुढं पुढं त्या गावाचं नाव घ्यायच्याच बंद झाल्या. तहसीलदारांना फोन करून म्हणायच्या, "साहेब, सदतीस नंबरला चार दिवस झाले पाणी नाही, आणि बाराचं दुखणं पुन्हा उलटलंय." बिचारे तहसीलदार आधी दवाखान्यालाच फोन लावायचे. मजा म्हणजे ते नंबर दोनपासून सुरू व्हायचे. एक नंबर कुठलं गाव, ते त्या सांगायच्या नाहीत. लोकांत लई तर्क चालायचे. कुणी म्हणायचं पक्षाच्या साहेबांचं गाव असंल, कुणी म्हणायचं नांदेडजवळचं सिस्टरांचं स्वतःचं. मी विचारलं तर म्हणायच्या, "एक नंबर स्थिर आहे, अक्का. पण लक्ष ठेवावं लागतं."

विधानसभेतही हेच. मुंबईहून त्यांचं भाषण टीव्हीवर दाखवलं, तेव्हा माझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर उठल्या, चष्मा लावला आणि सुरू झाल्या: "अध्यक्ष महोदय, पेशंटचं नाव, आमच्याकडचा रस्ता. तक्रार, खड्डे. किती दिवसांपासून, नऊ वर्षं. आतापर्यंत दिलेले उपचार, आश्वासन, दिवसातून तीन वेळा. फरक, नाही." सारं सभागृह हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळात बघितलं आणि वेळेच्या आत खाली बसल्या. त्याचं मात्र मला फार कौतुक वाटलं. बोलायला मिळालं असताना वेळेआधी खाली बसणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही, आणि यात मी स्वतःलाही धरते.

नाडीचं तर विचारूच नका. एकदा पक्षाचे मोठे साहेब सभेला आले. व्यासपीठावर त्यांनी हात पुढं केला, सिस्टरांनी मनगट धरलं ते धरलंच. फोटोवाले फोटो काढून दमले, सिस्टर घड्याळच बघून राहिल्या. मग माइकजवळ जाऊन म्हणाल्या, "साहेबांची नाडी एकशे दहा आहे. भाषण थोडक्यात होईल." साहेब एवढे घाबरले की सात मिनिटांत आटोपून लातूरला डॉक्टरकडं पळाले. ती सभा लोकांना अजून आवडीनं आठवते. प्रचाराला गेल्या की बायकांच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून रक्त किती ते बघायच्या. "मत द्यायचं तर द्या, नाहीतर देऊ नका. गोळी मात्र रोज खायची." बायका खूश, पण बाप्ये बिथरायचे. कुणाला तंबाखूवरून बोलायच्या, कुणाला सुनेला उपाशी ठेवतो म्हणून चारचौघांत झापायच्या. मी म्हणायची, "सिस्टर, अवो हे मतदार हायेत." त्या म्हणायच्या, "इंजेक्शन देताना पेशंट मतदार आहे का ते बघत नसतात, अक्का."

आता एकोणीस नंबरचं सांगते. एकोणीस नंबर म्हणजे माझं माहेर. गावाच्या पुढ्यात ओढा, आणि पावसाळ्यात तो चढला की गाव तुटलं. सिस्टर नव्यानं आल्या होत्या त्या साली माझ्या भाचीला कळा सुटल्या आणि ओढा फुगलेला. चार गड्यांनी तिला बाजेवर घालून खांद्यावर उचललं, आणि पलीकडून सिस्टर डोक्यावर बॅग घेऊन छातीभर पाण्यातून आल्या. पोरगी काठावरच बाळंत झाली. भाची वाचली, बाळ नाही वाचलं. सिस्टर मला त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण रजिस्टरात एकोणीसचं पान पहिल्यापासून लाल होतं. पुलासाठी पाच वर्षं त्यांनी कागद हलवले. नकाशा झाला, मंजुरी झाली, काम सुरू करायचा हुकूम तेवढा निघायचा राहिला, आणि निवडणूक लागली.

सिस्टर हरल्या. ज्यांना ज्यांना त्यांनी झापलं होतं, ते सगळे मोजून मतदानाला गेले असावेत. निकालाच्या दुपारी माझ्या अंगणात बायका रडून राहिल्या आणि सिस्टर मात्र रजिस्टराला नवं कव्हर घालत बसलेल्या. तेवढ्यात निवडून आलेल्या गड्याची मिरवणूक गल्लीत शिरली. तो चाळिशीचा, गुलालानं माखलेला, जीपवर उभा. सिस्टर थेट जीपपुढं जाऊन उभ्या राहिल्या. वाजंत्री थांबली. आता काय होतं म्हणून मी पायरीवरून खाली उतरले. त्याला वाटलं अभिनंदन करायला आल्या. त्यानं वाकून हात दिला, सिस्टरांनी मनगट धरलं.

"ऊन लागलंय तुला. पाणी पी. आणि चार्ज घ्यायला कधी येतोस?"

"उद्या येतो की, सिस्टर," तो म्हणाला. लोक हसले, जीप पुढं गेली.

तो उद्या काही आला नाही. परवाही आला नाही. सिस्टरांचा भाऊ नांदेडला बोलावत होता, दम लागतो म्हणून तिथल्या डॉक्टरांना दाखवायचंही ठरलं होतं, ट्रंक भरून जिन्यात आणून ठेवलेली. पण सिस्टर रोज सकाळी आठला पांढरी साडी नेसून अंगणात टेबल टाकायच्या, रजिस्टर उघडायच्या आणि वाट बघायच्या. समोरचा किराणावाला म्हणायचा, "काय सिस्टर, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला न्हाई का अजून?" सिस्टर म्हणायच्या, "येईल. कधी कधी एसटी चुकते." भाऊ फोनवर चिडायचा, "अगं, हरलेल्या माणसाला कोण विचारतं?" सिस्टर म्हणायच्या, "मला विचारू नका रे. पेशंटला तर विचारा."

आता खरं ते कबूल करते. त्या नव्या आमदाराची आई माझ्याच भजनी मंडळातली, टाळ वाजवताना माझ्या शेजारी बसायची. मी एक शब्द टाकला असता तर तो दुसऱ्या दिवशी आला असता. पण मी तीन आठवडे शब्द टाकला नाही. चार्ज दिला की सिस्टर जाणार, आणि रोज सकाळी जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज येणं बंद होणार, एवढंच मला दिसत होतं. एका सकाळी चहा द्यायला गेले तर सिस्टर टेबलाशी धापा टाकत बसलेल्या, एकोणीसचं पान उघडं. म्हणाल्या, "अक्का, पावसाळ्याच्या आत पाया नाही भरला तर आणखी एक साल जाईल हो." चहा मी टेबलावर ठेवला. तशीच निघाले, आमदाराच्या आईकडं गेले. तिला ओढ्याकाठचं सगळं सांगितलं. ती माउली उठली. आत गेली, आणि जेवायला बसलेल्या लेकाला म्हणाली, "हात धू. मावशीसंगं जा."

तो आला, ते पंधरा मिनिटांत उरकू अशा बेतानं. सिस्टरांनी त्याला सकाळी दहाला बसवला तो दिवेलागणीला उठवला. एकेक गाव, एकेक दुखणं. कुठं काय दिलंय, कुठं आपलंच चुकलं, तेही. "इथं मी शाळेऐवजी आधी सभामंडप दिला. चूक झाली. तू निस्तर." सुरवातीला तो फोनशी खेळत होता. दुपारनंतर फोन खिशात गेला. एकोणीसला तो म्हणाला, "हे काम तुमच्या नावाचं हाय, सिस्टर. माझी माणसं म्हणतील, तिच्या पुलाला कशाला..."

"बाळा, मागच्या पाळीच्या सिस्टरनं लावलेलं सलाईन म्हणून कुणी काढून टाकतं का?"

मग त्यानं लाल पेन मागून घेतला आणि पानाखाली सही केली.

शेवटी सिस्टरांनी सगळ्यात पहिलं पान उघडलं. मीही मान लांब केली, एवढ्या वर्षांची उत्सुकता! सिस्टर वाचायला लागल्या: "एक नंबर. बाई, वय बाहत्तर. बीपी. गोळी सकाळी घ्यायची असते, विसरते. साखर बंद आहे, पण चहात चोरून घालते. एकटी असते. कुणीतरी रोज हाक मारावी लागते." मला कुठं बघावं कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला नाही, आणि तिथंही सही केली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर सकाळच्या एसटीनं नांदेडला गेल्या. तुळस मला देऊन गेल्या. आता एकोणीसच्या ओढ्यात पुलाचे दोन खांब उभे राहिलेत, पावसाच्या आत पुरं होईल म्हणतात. सिस्टरांची तब्येत बरी असते, नसते. फोनवर माझंच विचारतात, स्वतःचं सांगत नाहीत. "चार्जवाला येतो का?" एवढं मात्र प्रत्येक वेळी असतंच.

येतो. आठवड्यातून दोनदा तरी गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी थांबते आणि तो तिथूनच ओरडतो, "मावशी, गोळी घेतली का?" वेळ असला तर आत येऊन बसतो, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पितो, आणि माझं मनगट धरून घड्याळाकडं बघत राहतो. अंगठ्यानं दाबून धरतो, तेही भलत्याच जागी. त्याला नाडी अजून सापडत नाही. मी धरू देते.