फिरणारी सीट

नव्या राज्याची राजधानी झाल्यावर रायपुरात प्रदर्शनांचा ऊत आला. रस्ते तेच, खड्डे तेच. फक्त मांडव नवे. अशाच एका मांडवात जपानमधल्या विजेवर चालणाऱ्या एक्स्प्रेसची खरी सीट ठेवली होती. मागे गाडीचा भलामोठा फोटो: क्रीम अंगावर लाल पट्टा, ड्रायव्हरची केबिन उंचावर. मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी गाडी. शेवटच्या स्टेशनात सीटा फिरवतात, म्हणजे परतताना कुणालाच उलटं बसावं लागत नाही. लोक रांग लावून बसायचे, स्टॉलवाला त्यांना गर्रकन फिरवायचा.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. ‘आधी आमच्या बीरगावला बस द्या, मग जपान दाखवा!’ असली. पण त्या दिवशी बाबांसाठी आले होते. बाबा उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. नागपूरला जाताना उलट्या दिशेची सीट मिळाली की त्यांना मळमळायचं. ही सीट त्यांना बघायचीच होती. शिफ्ट सुटल्यावर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

आमच्यापुढे शंकर नगरकडचं एक बंगलेवालं कुटुंब होतं. त्यांचा पोरगा बुटांसकट सीटवर उभा राहिला. स्टॉलवाला कौतुकानं हसला. मग बाबांचा नंबर आला. त्यानं बाबांच्या हातांकडे पाहिलं. नखांतलं काळं साबणानं जात नाही.

“एक मिनट, अंकल,” म्हणत त्यानं सीटवर वर्तमानपत्र पसरलं.

मी तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट धरलं. “चूप राय पोट्टे. मले बसू दे.”

भर चौकात ठाणेदाराला सुनावणारी मी मागे सरले. ओरडले असते तर त्यांची पाळी गेली असती.

“फिरवा ना भैया,” बाबा म्हणाले. सीट फिरली, कागद करकरला. रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबाही हसत होते. माझे कान तापले. लाज कागदाची वाटत होती की त्यांच्या हसण्याची, अजून धड सांगता येत नाही. खरं तर लाज वाटायला हवी होती स्टॉलवाल्याला. तो पुढच्याला बोलावत होता.

घरी आईनं विचारलं, “कशी होती मंग सीट?”

“एकदम झकास! झटका नाई, काई नाई. त्याच्यात मळमळणारच नाई.” मग बाबा माझ्याकडे वळले. “सांग न वं तिले.”

“हो ना,” मी म्हणाले. “लय मानानं बसवलं बाबांले.”

आई खूश झाली. बाबा जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाहीनात.