चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने लिफ्टमध्ये अडकावं, यावर दुसऱ्या कुणाची फजिती असती तर मिस्त्री आठवडाभर हसला असता. त्या दिवशी फजिती त्याचीच होती आणि हसायला आत दुसरं कुणी नव्हतं.

एका गाडीतून उतरून दुसरी पकडायला मध्ये साडेचार तास होते. मुलाकडे निघालेल्या मिस्त्रीला बायकोने घरून निघतानाच बजावलं होतं, "फलाटावर माशा मारत बसू नका. तुमचा भाऊ त्याच गावात आहे." पुढे ती काही बोलली नाही. पत्त्याचा कागद मात्र तिने त्याच्या वरच्या खिशात घातला, पेनाच्या मागे, म्हणजे पेन काढताना हाताला लागावा.

सामानघरात बॅग ठेवताना तिथल्या कारकुनाने विचारलं, "शहर बघायचंय का? तळ्यावर जा. दोन तासांत आरामात होतं." मिस्त्रीला तेवढं निमित्त पुरलं. तो तळ्यावर गेला, बाकावर बसला आणि पाण्याकडे पाठ करून समोरच्या इमारतींच्या गच्चीवरल्या लिफ्टच्या मशीनच्या खोल्या मोजत राहिला. अनोळखी शहरात माणसं देवळं बघतात, बाजार बघतात. याला लिफ्टच दिसायच्या. पेन काढायचं काही कारण नव्हतं, तरी त्याने ते तीनदा काढलं. असे दोन तास वाया घालवून तो उठला आणि रिक्षात बसला.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. धाकटा भाऊ, ज्याला सगळे बारक्या म्हणत, मिस्त्रीच्याच हाताखाली तयार झालेला. या धंद्यात एक नियम सगळ्यांच्या वरचा. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी माणूस मेन स्विच बंद करून त्यावर 'काम चालू' अशी पाटी लावतो, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. साक्षात मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. बारक्याने त्या दिवशी तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारच्या मेनवर पाटी लावली होती. वरच्या मजल्यावरची माणसं घाई करत होती, मिस्त्रीला वाटलं बारक्या चहाला गेला असेल. त्याने खड्ड्यात न डोकावताच पाटी काढली आणि मेन चालू केला. बारक्या खड्ड्यात होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत मालकाने विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "पाटी नव्हती." बारक्या गप्प बसला. त्याची नोकरी गेली, मग तो शहर सोडून गेला.

मिस्त्रीला आता एवढंच करायचं होतं. गाडीच्या वेळेआधी बारक्याच्या तोंडावर खरं सांगायचं. चार शब्दांचं काम आणि बारा वर्षं घशात अडकलेलं.

बारक्या सातव्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट जुनी, आत हाताने ओढायचा जाळीचा दरवाजा. तिसरा मजला सोडताच मिस्त्रीच्या कानाने टिपलं: जाळीच्या वरच्या कोपऱ्यात टकटक होतेय. जाळी बंद आहे हे लिफ्टला कळवणारं तिथलं पितळी पातं सैल झालं होतं. शहाण्या माणसाने सातव्या मजल्यापर्यंत कळ काढली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मिस्त्रीने बोट वर नेलं आणि नखाने पातं जरासं दाबलं. पातं तुटून हातात आलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली, वरचा दिवाही गेला.

"चालत्या लिफ्टमध्ये जाळीला हात लावू नका," हे वाक्य त्याने आयुष्यभर हजारदा तरी लोकांना ऐकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

जाळीपलीकडे छातीपर्यंत नुसती भिंत होती आणि वर पाचव्या मजल्याच्या लोखंडी दाराचा खालचा भाग. फटीतून बोटभर उजेड येत होता. घड्याळात चारला दहा कमी. गाडी पाच दहाला. त्याने घंटी वाजवली. खूप वेळाने वर चपला वाजल्या.

"आत कुणी आहे का?" पाचव्या मजल्यावरच्या बाई होत्या.

"आहे. एकटाच आहे."

"अगं बाई! घाबरू नका हं. आमचा लिफ्टवाला इथेच सातव्यावर राहतो, पण कामावर गेलाय. फोन करते त्याला."

मिस्त्री मटकन खाली बसला. ज्याला भेटायला चालला होता, तोच आता त्याला सोडवायला येणार होता. आतली हवा कोंदट झाली. शर्ट पाठीला चिकटला. माणसं का ओरडतात, दारावर लाथा का मारतात, हे त्याला या धंद्यात पहिल्यांदाच कळलं. तो लोकांना बाहेरून "बसून राहा" म्हणायचा, तेव्हा आतल्या माणसाला मिनिट केवढं असतं हे त्याला कुठे ठाऊक होतं! आणि खड्ड्यात, अंधारात, डोक्यावर लिफ्ट सुरू झाल्यावर? त्याने तो विचार ढकलून दिला. तो गेला नाही. आत जागाच कुठे होती जायला.

साडेचारला वर बूट थांबले.

"किती जण आहात?" आवाज जरा जाड झाला होता, पण ओळखू येत होता. "दाराला टेकू नका. कशालाही हात लावू नका. मी वर जाऊन मेन बंद करतो आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट इथवर आणतो. तुम्ही नुसतं बसून राहा."

शब्दन् शब्द मिस्त्रीनेच शिकवलेला. बूट वळले. हा वर जाईल, दार उघडेल, समोर येईल आणि मग आपली जीभ पुन्हा टाळूला चिकटेल, हे मिस्त्रीला पक्कं माहीत होतं. मध्ये दार होतं तोवरच काय ती हिंमत होती.

"पाटी मी काढली होती," तो म्हणाला.

बूट थांबले.

"दादा?"

"हो, मीच. पाटी होती. तू लावली होतीस. मी काढली आणि मालकासमोर खोटं बोललो."

बूट परत दाराशी आले.

"माहीत आहे," बारक्या म्हणाला. "खड्ड्यातून वर बघत होतो मी. तुझा हात दिसला मला पाटीवर. हाक मारेपर्यंत लिफ्ट हलली."

"अरे, मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

मिस्त्रीने तोंडावर हात दाबला. तरी हुंदका फटीतून वर गेलाच असणार.

"गाडी कितीची आहे?" बारक्याने विचारलं.

"पाच दहाची."

"मग चुकणार. या कामात घाई करायची नसते." तो म्हणाला, "बारा वर्षं मी थांबलो, दादा. तू आता थोडा वेळ बस."

बूट जिना चढत गेले. बऱ्याच वेळाने वरून चाक फिरल्याचा आवाज आला. लिफ्ट चार बोटं वर सरकली आणि थांबली. पुन्हा चार बोटं, पुन्हा थांबली. धडधाकट पंजाला इतक्या वेळा पकड बदलावी लागत नाही. मिस्त्री भिंतीला डोकं टेकून तो एकेक थांबा ऐकत राहिला. कान झाकून घ्यावेसे वाटत होते, पण त्याने झाकले नाहीत.

पाच वाजून वीस मिनिटांनी लिफ्ट मजल्याला लागली. बाईंनी दार ओढलं, जाळी सरकवली आणि उजेड भसकन आत आला.

"झालं हो, आलात बाहेर! उठा आता, पाणी देते."

मिस्त्री तसाच खाली बसून राहिला. बस म्हणणारा अजून वरून उतरायचा होता.