पानांवरचं ओलं फडकं

ओल्या फडक्याला पेट्रोलचा वास आला की मला आमची जुनी डबागाडी आठवते. बाबा ती आसेगावहून वाशीमला प्रवासी भरून भाड्यानं चालवायचे आणि उन्हाळ्यात दुपारी ती हटकून बंद पडायची. प्लग बदलले, नळी फुंकली, शिव्या दिल्या, फरक शून्य. माझ्या मॅट्रिकच्या पेपरच्या दिवशीही ती अर्ध्या वाटेत थांबली, आणि पेपरला तासच उरला होता. बाबांनी बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपाला हात लावला आणि चटका बसताच मागं घेतला. विड्याची पानं विकायला निघालेली एक म्हातारी खाली उतरली. "त्याले ताप चढला, अन् तू शिव्या देऊन राह्यला?" "मावशे, तू पानं इक. इंजन मले समजते." "समजते तं काहून उभा हायेस?" तिनं पानं ताजी राहावीत म्हणून टोपलीवर टाकलेलं भिजलेलं फडकं काढून पंपाभोवती गुंडाळलं. त्यातून वाफ निघाली. थोड्या वेळानं बाबांनी हँडल मारलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाबा फडकं सोडायला लागले तर म्हातारी म्हणाली, "राहू दे तिथंच. पोरीले पोचव आधी." पेपर कोणता होता हे आज मला आठवत नाही, वाशीम येईपर्यंत माना टाकलेली तिची पानं आठवतात.