खिडकीबाईच्या दुखावलेल्या भावना

दाखल्यांच्या खिडकीमागे बसणाऱ्या त्या बाईंना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. जन्माचा, मृत्यूचा, रहिवासाचा, कसलाही दाखला हवा असो, माणूस त्यांच्याच खिडकीशी यायचा. बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कागद पूर्ण आहेत?" नसायचेच. कुणाचे असतात हो? मग बाई किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटून म्हणायच्या, "कागद अपुरे, तर माणूस अपुरा. उद्या या."

मनाच्या वाईट नव्हत्या बाई. जुन्या राजवटीत एका चुकीच्या शिक्क्यापायी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला भर दुपारी उठवून नेलं होतं, तो परत आलाच नाही. तेव्हापासून, ज्यावर कुणी बोट ठेवेल असा कागद त्यांनी हातातून जाऊच दिला नाही. पुढे ती राजवट गेली, निवडणुका झाल्या, भिंतीवरची तसबीर उतरली. बाईंची धास्ती तेवढी उतरायची राहिली.

नव्या राज्यात रेडिओलाही कंठ फुटला. पूर्वी नुसती भाषणं लागायची. आता दर शुक्रवारी संध्याकाळी 'सरकारी पाहुणचार' नावाचा कार्यक्रम लागायचा आणि त्यात मंत्र्यापासून शिपायापर्यंत कुणाचीच गय नव्हती. घरोघरी लोक पोट धरधरून हसायचे. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं हसू, ते काय एका दिवसात संपतंय?

एका शुक्रवारी त्यात खिडकीबाई आली. स्वर्गाच्या दाराशी खिडकी आणि खिडकीमागे बाई. नुकताच मेलेला माणूस म्हणतो, मला आत घ्या.

"मृत्यूचा दाखला?"

"अहो, मेलोय मी! समोर उभा आहे तुमच्या!"

"ते दिसतंय मला. पण कागदावर तुम्ही जिवंत आहात. उद्या या."

एवढ्यात एक मंत्री येतो. ना कागद, ना पत्र. त्याला मात्र मागचं दार सताड उघडं. आणि आवाज? थेट आपल्या बाईंचा. ते खाकरणं, तो किल्ल्यांचा खळखळाट, 'या' म्हणताना चढणारा तो सूर.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी रांगेतली माणसं तोंडावर हात धरून उभी. एक आजोबा तर काहीही काम नसताना आले. "बोला ना बाई, चार शब्द बोला, ऐकायलाच आलोय." भाजीवालीने पैसे घेताना विचारलं, "खिडकीबाई, नोटेचे कागद पूर्ण आहेत ना?" घरी येऊन बाई दार लावून रडल्या. खरं तर दार लावायचीही गरज नव्हती. घरात दुसरं होतं कोण!

एक मुलगी होती. बाईंनी एकटीने वाढवलेली, जिवापाड जपलेली. ती एके दिवशी एका मुलाला घरी घेऊन आली आणि म्हणाली, मी याच्याशी लग्न करणार. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सुरू केलं. वडील काय करतात? नोकरी कायमची की हंगामी? घर स्वतःचं की भाड्याचं? पोरगा बिचारा घाम पुसत उत्तरं देत होता. शेवटी बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अजून बरंच अपुरं आहे. बघू पुढे."

मुलगी ताडकन उठली. "आई, मी तुझ्याकडे अर्ज घेऊन आले नव्हते," म्हणाली, आणि त्याचा हात धरून निघून गेली. पार सरहद्दीकडच्या गावाला. मावशीला तिचे फोन यायचे, आईला नाही. बाईंनी केला तर उचलायची नाही. तिच्या पलंगावरची चादर मात्र बाई दर रविवारी बदलायच्या. कुणी झोपलेलं नसायचं, तरी धुवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा अंथरायच्या. आठवण काढायची ती तरी कशाच्या निमित्ताने काढायची माणसाने?

इकडे खिडकीबाई आता दर शुक्रवारी लागायची, आणि मंत्र्यांना तो मागच्या दाराचा विनोद चांगलाच झोंबला होता. पण नव्या कायद्याने त्यांचे हात बांधलेले. मंत्र्याला कार्यक्रम बंद पाडता येत नव्हता. साध्या नागरिकाच्या भावना दुखावल्या, तरच रेडिओवर देखरेख ठेवणारं मंडळ सुनावणी घेणार. झालं! दुखावलेला नागरिक शोधायला खात्याचे साहेब, जे जन्मात कधी जिना उतरले नव्हते, ते स्वतः खिडकीशी आले. खुर्ची ओढून बसले. चहा मागवला.

"बाई, तुमचा अपमान तो आमचा अपमान."

इतक्या वर्षांत बाईंना तिथे कुणी चहा विचारला नव्हता. त्यांनी तक्रारीवर सही केली. आणि दुखावल्या होत्याच की त्या! खोटं काय होतं त्यात?

रविवारी धाकटी बहीण आली. तिला हे सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला.

"ताई, अगं काय करून बसलीस! ती ऐकते गं तो कार्यक्रम."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस! तुझी लेक. दर शुक्रवारी रेडिओला कान लावून बसते. खिडकीबाई लागली की आधी खो खो हसते आणि मग आत जाऊन रडते. मला म्हणाली, मावशी, तेवढाच आईचा आवाज कानावर पडतो. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

"मग माझा फोन का उचलत नाही?"

"ते तिलाच विचार."

"कसं विचारू? उचलत नाही ना!"

दुसऱ्या दिवशी बाई जिना चढून साहेबांकडे गेल्या. "मला तक्रार मागे घ्यायची आहे."

साहेब हसले. "बाई, भावना तुमच्या असतील, पण त्या आता वर गेल्या आहेत. तिथून खाली येत नाहीत."

"अहो, दुखलं मला! आणि मीच म्हणतेय ना, राहू दे!"

"नियम काय मी तुम्हाला शिकवायचे?" साहेब म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बाईंना कळलं, की आपला आवाज काढणारा माणूस म्हणजे एक टक्कल पडलेला, जाडजूड गृहस्थ आहे. तो त्यांच्याकडे बघेना. बाईंनीच विचारलं, "तुमचा राग आहे का माझ्यावर?"

"आहे," तो म्हणाला. "वडील गेले तेव्हा तुमच्या खिडकीवर जोडे झिजवले मी. धड रडायलासुद्धा सवड दिली नाहीत तुम्ही."

बाई म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. पण कार्यक्रम बंद करू नका हो. हवं तर अजून वाईट दाखवा मला."

आत मंडळासमोरही त्या उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसांसमोर तोंड उघडत होत्या. "माझ्या भावना दुखावल्या, अजूनही दुखतायत. पण मला लागलं म्हणून त्यांचं तोंड बांधा, असं मी म्हणत नाही. माझं मी बघून घेईन."

अध्यक्षांनी मायेने मान हलवली. "बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. बसा." आणि कार्यक्रम बंद करायचा हुकूम निघाला. लोकशाहीत सगळ्यांचं ऐकून घेतात, तसं बाईंचंही ऐकून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी सवयीने रेडिओ लावला. शेतीची माहिती चालली होती. तरी त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. त्या गावातही कुणीतरी आत्ता असाच रेडिओ लावला असेल, ही खतांची माहिती ऐकत असेल, असं मनात येत राहिलं, आणि बंद करायला हात धजेना.

तेवढ्यात धाकटी बहीण धापा टाकत दारात आली.

"ताई, तिचा फोन आला होता, आत्ता! आज खिडकीबाई का लागली नाही म्हणाली. घाबरली होती गं. विचारत होती, आई बरी आहे ना?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "असं विचारलं? आई म्हणाली?"

"आईच म्हणाली."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, अगदी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस."

"मग?"

"मग काय? बरं म्हणाली आणि ठेवला फोन."

बाई पुन्हा खाली बसल्या. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "बरी नाही म्हणायचं होतंस गं."