शेवटचा नट

नव्वदच्या दशकात बेलापूरच्या आमच्या सोसायटीतले सगळे एसी जवळच्या पावणे गावातला एकच मेकॅनिक बसवायचा. तांब्याची नळी तो गुडघ्यावर अशी हळुवार वाकवायचा, की बघत राहावं. जोडाला साबणाचा फेस लावून म्हणायचा, "बुडबुडा नाय, मंजे गॅस आतच हाय."

आमच्याकडे काम चालू असताना मी इंजिनिअर असल्याचं त्याला तीनदा सांगितलं आणि शेवटचा नट हट्टाने स्वतः आवळला. नळीचं तोंड चिरलं. त्याने गॅस सोडताच मोठा फुस्स आवाज झाला. बायको धावत आली.

त्याने माझ्या हातातला पाना हळूच काढून घेतला. "माज्या हातून जादा आवललं गेलं, वयनी."

"जरा लक्ष देऊन काम करत जा!" ती कडाडली.

मीही गंभीरपणे मान डोलावली.