दोन-चार देवमासे

त्या दिवशी सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या फ्लॅटात मी होते, सून होती आणि चौदा वर्षांची नात होती. लेक पार वर उत्तरेला, नॉर्वेच्याही पुढे, बर्फाच्या पाण्यात बोटीवर होता. पण तो फोनमधून बोलला म्हणून त्यालाही धरते. झाले चौघं. पाचवं कोणी नव्हतं, त्यामुळे चूक कोणाची ते शोधायला लांब जायला नको. चूक माझी.

लेक बोटीवर सेकंड इंजिनियर. मागच्या कॉन्ट्रॅक्टहून आला तेव्हा दोन महिने धड बोलला नाही. जेवायचा आणि खिडकीकडे तोंड करून बसायचा. काय रे होतंय, विचारलं की म्हणायचा, "काही नाही आये, कानात मशीन चालू आहे." डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. परत निघाला तेव्हा मी अडवलं नाही. अडवून काय करणार? त्याला दुसरं काम येत नाही.

या वेळी बोटीवर कुठल्याशा संस्थेचा कागद लावलेला होता. थंड पाण्यातले मोठे प्राणी दिसले तर कळवा. कुठे, कधी, कोणते, किती. हा ड्युटी संपली की इंजिनरूममधून वर यायचा आणि कान लाल होईपर्यंत डेकवर उभा राहायचा. आणि बोलायला लागला. मला तेवढंच हवं होतं.

बोटीवरचं इंटरनेट म्हणजे असून नसल्यासारखं. संस्थेचा फॉर्म तिथे उघडायचा नाही, आवाजाचा मेसेज तेवढा कसाबसा निघायचा. मग असं ठरलं, की दुपारी तीनच्या सुमाराला तो मेसेज टाकणार, मी ऐकून वहीत लिहिणार, आणि नात शाळेतून आली की मी वाचून दाखवायचं, तिने फोनवर इंग्लिशमध्ये फॉर्म भरायचा. मी तिसरी शिकलेली. पण जन्म कोकणातल्या बंदरावर गेला, बर्फातली कोळंबी सोलून सोलून बोटं पांढरी पडली, समुद्रातलं जनावर मला कोणी शिकवायला नको. सील म्हणजे 'मिशीवाला', वालरस म्हणजे 'सुळेवाला', डॉल्फिन तर आमचा गादाच. नातीने समोर इंग्लिश नावं लिहून कागद फ्रिजला लावला होता.

शनिवार होता म्हणून सगळ्या घरी. मेसेज आला. वारा एवढा की लेक ओरडूनच बोलत होता. "आये, लिही. काळे देवमासे. पाठीवर पंख नाही, हनुवटी पांढरी. धुकं होतं. दोन-चार होते." पुढे जागेचे आकडे.

नात सोफ्यावर आडवी पडून विचारते, "हाऊ मेनी, आजी?"

"दोन-चार."

"टू-फोर?"

"हो, टू-फोर."

"वाह, सो मेनी!" म्हणाली आणि टाकलं लिहून.

इथे आकडे कसे बोलतात बघा. बसचा नंबर आठ-पाच-आठ, ब्लॉकचा, म्हणजे आख्ख्या इमारतीचा, नंबर सात-दोन-चार, एकेक आकडा सुटा. त्या पोरीच्या कानाला टू-फोर म्हणजे चोवीस. माझ्या कानाला दोन-चार म्हणजे दोन-चार. सून तिथेच कांदा चिरत होती, तिलाही काही खटकलं नाही.

आठवड्याभराने लेकाचा मेसेज. आवाज पडलेला. "आये, किती लिहिलंस गं तू?" संस्थेने थेट कॅप्टनला विचारलं होतं. हा देवमासा तिकडे मुळात क्वचित दिसतो, चोवीस एका जागी कसे, फोटो आहेत का? कॅप्टनने याला सगळ्यांसमोर बोलावलं. चीफ इंजिनियर म्हणाला, "चोवीस? लाटा मोजल्यास काय रे?" तेव्हापासून मेसमध्ये याला सगळे 'ट्वेंटीफोर' म्हणून हाक मारतात. आणि संस्थेने याच्या आजवरच्या सगळ्या नोंदी बाजूला काढून ठेवल्या. भरवसा नाही म्हणे.

"जाऊ दे आये. नको आता ते लिहिणं," म्हणाला.

मग मेसेज बंद.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. तीन वाजले की मी फोन हातात घेऊन उभी. मग चप्पल घालून खाली. ब्लॉकला एक फेरी, दुसरी फेरी, खालच्या बाकावर टेकायचं नि लगेच उठायचं. लिफ्टमध्ये फोन लागत नाही म्हणून जिन्याने वर. सकाळी बाजारात जाऊन पापलेट आणलं, दुसऱ्या दिवशी परत आणलं. मासेवाली चिनी बाई हसली, "आंटी, यस्टरडे ऑल्सो बाय!" घरी येऊन धुतलेला मासा पुन्हा धुतला.

सून म्हणाली, "आई, बसा हो जरा. मी कंपनीत विचारलंय, बोट व्यवस्थित चालू आहे."

"बोट चालू आहे गं. तो चालू आहे का ते सांग."

तिलाही तीच भीती होती, बोलत नव्हती एवढंच.

पाचव्या दिवशी मी नातीला समोर बसवलं. म्हटलं, त्या संस्थेला लिही. पोरगी रडवेली. "आजी, यू सेड टू-फोर, व्हॉट!"

"मीच म्हटलं. तेच लिही. आकडा आजीने चुकवला, मुलाने नाही. आमच्यात दोन-चार म्हणजे थोडे."

"थोडे म्हणजे किती? टू? थ्री? फोर?"

"थोडे म्हणजे थोडे."

"दे वोन्ट अ‍ॅक्सेप्ट, लाह!"

सून भाजी चिरता चिरता म्हणाली, "तीन लिहून टाकू या ना आई. मधलं."

मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. माझा नवरा मासेमारीच्या लाँचवर गेला तो आला नाही. वादळ झालं. लाँचवर किती जण होते, बंदरावरच्या ऑफिसातल्या साहेबाने विचारलं. मालक म्हणाला, सात-आठ. साहेबाने सात लिहिले. गेलेल्यांच्या यादीत सातांची नावं लागली. माझा नवरा आठवा, त्याच्या भावाला ताप होता म्हणून आयत्या वेळी भावाच्या जागी चढलेला; भाऊ घरीच दिसला म्हणून ती जागा रिकामी धरली. लेक तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला बरोबर घेऊन मी त्या ऑफिसात किती फेऱ्या मारल्या, की माझाही माणूस गेला, लिहा. पावसाळा संपला तेव्हा लिहिलं. हे मी सुनेला तोवर कधी सांगितलं नव्हतं. तिने सुरी खाली ठेवली.

"मधलं काही लिहायचं नाही," मी म्हटलं. "मोजलं नसेल तर मोजलं नाही असं लिही."

नातीने तसं लिहिलं. कॅप्टनलाही पाठवलं. दोन दिवसांनी संस्थेच्या बाईचं उत्तर आलं, चांगलं होतं. बाकीच्या सगळ्या नोंदी पुन्हा धरल्या. त्या दिवसाचा आकड्याचा रकाना रिकामा ठेवला, समोर लिहिलं, मोजता आले नाहीत.

मी लेकाला बोलून पाठवलं. "अरे, तुझ्या नोंदी घेतल्या परत. चूक माझी होती ते तुझ्या कॅप्टनलाही कळवलंय. एवढंच." निळ्या खुणा दिसायला दीड दिवस गेला. तो दीड दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही.

मग दुपारी तीनला वाऱ्याचा आवाज. "आये, लिही. आज दोन तास उभा होतो. काही दिसलं नाही. शून्य." मग आणखी ओरडून, "शून्य लिही हं, आधी एक लावून दहा करू नकोस." मागे कोणीतरी हसलं. हाही हसला.

मी शून्य लिहिलं. नात म्हणाली, "झिरो, कन्फर्म?" म्हटलं, "कन्फर्म."

आता रोज येतो मेसेज. कधी मिशीवाला, कधी शून्य. पण तो रिकामा रकाना काही मला बसू देत नाही. लेकाला विचारलं तर म्हणतो, धुक्यात पाठी वर येत होत्या, खाली जात होत्या, त्याच की दुसऱ्या, देव जाणे. तेव्हा एवढंच सांगते. आपली बरीच माणसं बोटींवर आहेत. गेल्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या वरच्या पाण्यात तुम्ही किंवा तुमच्यापैकी कोणी असेल, आणि हे देवमासे मोजले असतील, तर किती होते ते त्या संस्थेला कळवा. अंदाज असेल तर अंदाज आहे असं लिहा.